पप्पांचा दवाखाना

"सर, पप्पांना ॲडमिट केलंय. मला रविवारी निघता येणार नाही," मी फोनवर म्हणाले.

बुधवारचा दिवस. मी आमच्या पारनेरच्या घराच्या गच्चीवर उभी होते. पप्पा खाली अंगणात सायकलची चेन बसवत होते.

पलीकडे चीफ पायलट होते. कंपनीतल्या सगळ्या वैमानिकांचे वरिष्ठ. त्यांनी एका छोट्या प्रादेशिक एअरलाइनमध्ये माझी को-पायलट म्हणून निवड केली होती. एकोणीस सीटांची विमानं, छोट्या गावांच्या धावपट्ट्या. मी होकार दिला होता, सही केली होती, ग्राउंड क्लास, म्हणजे वर्गातलं शिक्षणही पूर्ण केलं होतं.

"कुठल्या दवाखान्यात?" त्यांनी विचारलं.

"नगरला," मी म्हणाले. जिल्ह्याचं नाव बदललं तरी आमच्या तोंडी अजून नगरच आहे.

"वडिलांकडे बघ. बाकीचं मी पाहतो."

खरं कारण आदल्या संध्याकाळी ईमेलवर आलं होतं. दुसऱ्या, मोठ्या प्रादेशिक कंपनीनं मला बोलावलं होतं. सत्तर सीटांचं विमान. आणि नाव असं, की चर्चमध्ये मावश्यांना समजावून सांगावं लागणार नाही. पहिल्या कंपनीचं नाव सांगितलं की त्या म्हणायच्या, "कधी ऐकलं नाही गं." हे मला फार लागायचं. आज लिहितानाही लाज वाटते, पण निवड मी एवढ्यावरच केली.

कंपनी बदलणं हा गुन्हा नाही. पण इथे एक गोष्ट सांगायला हवी. लायसन्स मिळालं म्हणून कुठलंही विमान उडवता येत नाही. प्रत्येक प्रकारच्या विमानाचं वेगळं ट्रेनिंग असतं, त्याला टाइप रेटिंग म्हणतात. ते सिम्युलेटरवर होतं, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये. आणि ते जोडीनं होतं. एक उडवतो, दुसरा मदत करतो, मग अदलाबदल. आमचा सिम्युलेटर परदेशात होता, तारखा घेतलेल्या होत्या, रविवारी निघायचं होतं. जोडीतला एक गळाला की दुसराही अडकतो.

माझा जोडीदार संतोष. आमच्याच जिल्ह्यातल्या, कर्जत तालुक्यातल्या शेतकरी घरातला. लायसन्स हातात घेऊन चार वर्षं नोकरीसाठी थांबलेला. रेडिओवर इंग्रजी चोख, माझ्याशी मात्र गावचीच बोली. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी फोन बंद केला आणि गुरुवारी दिल्लीला मोठ्या कंपनीत रुजू व्हायला गेले. घरी सांगितलं, "आधीच्या कंपनीशी बोलले मी." तेही अर्धंच खरं.

शनिवारी संध्याकाळी फोन चालू केला आणि पप्पांचा फोन आला. पप्पा निवृत्त शिक्षक. आवाज कधी चढत नाही.

"संतोष नावाचे गृहस्थ येऊन गेले. डाळिंबं ठेवून गेलेत. नगरच्या दोन दवाखान्यांत माझी चौकशी केली, मग पत्ता काढत घरी आले."

मी खोलीचं दार लावून घेतलं.

"त्यांनी विचारलं, काका, आता कसं वाटतंय? मी म्हणालो, बरं आहे. आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं, रूथ. मला कुठल्या दवाखान्यात ठेवलं होतंस, तेवढं सांग. पुन्हा कुणी विचारलं तर माहीत असावं."

त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चीफ पायलटना फोन करून सगळं सांगितलं.

"बुधवारी खरं बोलली असतीस तर चाललं असतं," ते म्हणाले. "दुसरी उमेदवार तयार होती, व्हिसासकट. तुझे वडील बरे होतील म्हणून मी तिला थांबवलं. आता तारखा गेल्या."

"मी परत येऊ का, सर?"

"नको."

"संतोषला काय सांगणार तुम्ही?"

"मी नाही सांगणार. तू सांग."

मला ते सांगायला आठवडा लागला. शेवटी फोन केला तेव्हा तो शेतावर होता. मी रडत रडत माफी मागितली.

"रूथताई, मला तवाच कळलं हुतं," तो म्हणाला. "मी आलो तवा काका शिडीवर चढून पडवीचे पत्रे ठोकत हुते. दोन दिसांमागं ॲडमिट झालेला मानूस पत्र्यावर चढतो व्हय?"

"मग त्यांना विचारलं का नाहीस?"

"त्यांनी सवताच्या हातानं च्या केला. कपबशी देताना माझ्याकडं बघत नव्हते. आनखी काय विचारायचं त्यांना?"

मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यानं दिल्या नाहीत. फक्त पुन्हा फोनही केला नाही.

त्याला नवा जोडीदार आणि नव्या तारखा मिळायला आठ महिने लागले. आता तो त्याच कंपनीत कॅप्टन आहे. मीही माझ्या कंपनीत कॅप्टन झाले. विमानतळावर कधी समोरासमोर आलो तर तो मान हलवतो आणि पुढे जातो. पप्पांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मीही काढलेला नाही.

नवे को-पायलट मला विचारतात, "मॅम, कुठली एअरलाइन निवडू?" मी त्यांना विमान, बेस म्हणजे राहायचं शहर, ड्यूटीचे तास बघायला सांगते. आणि जिथं जायचं नाही, तिथं त्याच दिवशी फोन करून "मी येत नाही" म्हणायला सांगते. त्याला एक मिनिट लागतं. मी ते मिनिट वाचवलं होतं.