गुलामचाचाचं सरळ नाक

घाटंजीच्या आमच्या जिनिंगमध्ये गुलामचाचानं वास घेतल्याशिवाय गाडीवर ताडपत्री चढत नसे. कापसात खडा आला की मशीनमध्ये ठिणगी उडते, रुईसोबत गाठीत दाबली जाते आणि आतल्या आत दोन-चार दिवस धुमसते. बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही. चाचाला मात्र वास यायचा.

तरुणपणी मशीनचा पट्टा तुटून त्याच्या तोंडावर बसला, तेव्हापासून नाक वाकडं. त्यात रुईच्या धुळीनं सायनस. मुलीचं, फरहाचं, लग्न ठरलं तेव्हा यवतमाळच्या डॉक्टरनं एकाच भुलीत दोन्ही कामं उरकली. नाक सरळ केलं, सायनसही साफ केला.

तीन आठवड्यांनी चाचा कामावर आला. काय तो रुबाब! "आता कशी आरपार हवा जाते पाह्य!" आम्ही बैल, त्याला आरसा दाखवून चिडवत बसलो. दुपारी तो शंभर गाठींवरून नाक फिरवून आला.

"कायचाच वास नाई. बांधा."

संध्याकाळी मी त्याच्या घरी चहाला गेलो. चाचा शेगडीजवळच बसला होता. तेवढ्यात जमिलाचाची आतून धावत आली.

"दूध करपलं न! पन तुमाले तरी काय म्हनू? डॉक्टर बोललाच होता, दोन महिने वास येनार नाई."

"मले काहून नाई सांगितलं?"

"तुमी गुंगीत होते. मंग लग्नाच्या घाईत राहूनच गेलं."

चाचानं माझ्याकडे पाहिलं.

गाडी तीनलाच निघाली होती. ताडपत्री मीच आवळली होती.