वाळ्याच्या ताटीमागची जागा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी माझ्या शाळेतल्या चोऱ्यासुद्धा सांगितल्या होत्या. सांगायला बसलो की माझी गाडी भलतीकडेच वळते. त्या वेळच्या अमरावतीबद्दल बोलतो, उन्हाळ्याबद्दल बोलतो, डॉक्टरांच्या रागाबद्दल बोलतो. आताही तसंच होईल कदाचित. तुम्ही ऐका मात्र.

साठ सालानंतरची गोष्ट. राजापेठेजवळच्या एका खाजगी दवाखान्यात मी रक्त तपासायला होतो. लॅबोरेटरी म्हणजे जिन्याखालची खोली, एक मायक्रोस्कोप आणि मी. हृदयाचा झटका आलेला माणूस यातून निभावेल का, हे रक्तातून सांगणाऱ्या नव्या तपासण्या मोठ्या शहरांत निघाल्या होत्या म्हणे. आमच्याकडे होती काचेची नळी. रक्त भरून ती सरळ उभी ठेवायची आणि तासाभरात तांबडा भाग किती खाली बसला ते वाचायचं. ईएसआर म्हणतात तो हाच. भरभर बसला तर आतली जखम अजून धुमसते आहे, हळू बसला तर भरत आली. आमच्या डॉक्टरांचा या आकड्यावर फार भरवसा. तो उतरल्याशिवाय म्हाताऱ्या रुग्णाला ते उशीवरून मानसुद्धा उचलू देत नसत.

तेल्हाऱ्याचे पुंजाजी झटका येऊन असेच पडून होते. सत्तरीला आलेले, बायको केव्हाच गेलेली, आणि शेंडेफळ वच्छीला त्यांनी एकट्यानं वाढवलेलं. तिचं लग्न अक्षयतृतीयेला ठरलं होतं. डॉक्टरांनी शब्द दिला होता — या वेळचं रक्त मागच्यासारखंच शांत निघालं, तर मोटारीत आडवं घालून एका दिवसापुरतं तेल्हाऱ्याला पाठवतो. तेव्हापासून मी सुई घेऊन गेलो की म्हातारा दंड पुढे करायचा आणि विचारायचा, "भाऊ, काय म्हन्ते मायं रक्त? पोरीच्या लग्नाले जाऊ देते का नाई?"

मी हसून म्हणायचो, देईल की. मला तो आवडायचा. हे सांगायलाच हवं का? हवं. नाहीतर तुम्हाला वाटेल की माझं त्याच्याशी काही वाकडं होतं.

आता ती दुपार. वऱ्हाडातला उन्हाळा तुम्हाला माहीत असेल, नसेल तर सांगून कळायचा नाही. उष्णतेनं नळीतलं रक्त भलतंच वेगानं बसतं. म्हणून उन्हाळ्यात नळीचा स्टँड कोपऱ्यात, ओल्या वाळ्याच्या ताटीमागे ठेवायचा, हा आमचा नियम. त्या खोलीत गार जागा तेवढी एकच. आणि त्या दिवशी तिला उमेदवार दोन — पुंजाजींची नळी आणि मी.

डोकं उठलं होतं, अंगाची लाही होत होती. मी स्टँड उचलला, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, ताटीवर पाणी मारलं आणि तिच्यामागे सतरंजीवर पाय पसरले. पाच मिनिटं पडतो म्हटलं. जाग आली तेव्हा तास कधीच उलटून गेला होता. नळीवर ऊन आलं होतं, काच हाताला गरम लागत होती, आणि तांबडा भाग पार खाली जाऊन बसला होता.

आकडा खोटा आहे हे मला त्याच क्षणी कळलं. नीट ऐका — त्याच क्षणी. नंतर नव्हे. दुसरं रक्त काढायचं, एवढंच तर करायचं होतं. पण मग डॉक्टर विचारणार, पुन्हा का? माझ्या आधीच्या माणसाला त्यांनी एका फुटलेल्या नळीपायी भर वॉर्डात झापून घरी पाठवलं होतं. तसं माझं होईल, या भीतीनं मी तो आकडा लिहिला, सही केली आणि वर पाठवला.

डॉक्टर म्हणाले, जखम पुन्हा चाळवलेली दिसते, हलायचं नाही. संध्याकाळी मी वॉर्डात गेलो. का गेलो? म्हातारा रागावेल अशी आशा होती बहुधा. तो छताकडे बघत होता. म्हणाला, "आपलंच रक्त नाई म्हन्ते, त भांडाव कोनासंग?"

तेव्हाही सांगता आलं असतं. लग्नाला अजून अवकाश होता. रोज सकाळी मी ठरवायचो आणि रोज मूग गिळून बसायचो. तिकडे लग्न लागलं. कन्यादान काकानं केलं. त्यानंतर पुन्हा रक्त काढलं तर आकडा अगदी खाली. डॉक्टर बुचकळ्यात पडले, मधेच कसा वाढला होता म्हणाले. वयामुळे असेल, मी म्हणालो. त्यांनी मान हलवली.

गंमत म्हणजे ते अगदीच खोटं नव्हतं. म्हाताऱ्या माणसांचं रक्त एरवीही भरभरच बसतं, आणि त्या नळीवरून कोण वाचेल हे सांगता येत नाही, हे मला पुढे कळलं. पुंजाजी उठून बसायला लागले त्याच आठवड्यात, एका सकाळी चहा पिता पिता गेले. आकडा तेव्हाही खालीच होता. तेल्हाऱ्याला गेले असते तर कदाचित वाटेतच गेले असते, कदाचित मांडवात. या विचारावर मी पुष्कळ रात्री टेकून बघितलं आहे. तो माझं वजन पेलत नाही. मी त्यांचं मरण चोरलं नाही. त्यांचा तो एक दिवस चोरला.

पण सांगायचं राहतंय ते वेगळंच. ते जाण्याआधी वच्छी नवऱ्याला घेऊन दवाखान्यात आली होती. हिरवा चुडा, नखांत अजून हळद. बापाच्या उशाशी बसून ती खूप रडली. मी नेमका ट्रे घेऊन आत शिरलो. पुंजाजींनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"यायनं मायं रक्त नीट पाह्यलं, म्हून मी तुले दिसून राहिलो. पाया पड यायच्या."

ती उठली, पदर सावरला आणि वाकली. पाय मागे घेता आले असते. मी घेतले नाहीत. ट्रे दुसऱ्या हातात घेतला, मोकळा हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि आशीर्वाद दिला.