बोटीतल्या जागा

राळेगावातल्या माझ्या फ्लेक्सच्या दुकानात हे काकाजी वर्षातून एकदाच येतात, पण आले की चार दिवस माझं डोकं खातात. त्यांचा धाकटा भाऊ कमांडो होता. युद्धात परक्या किनाऱ्यावर बोटीतून उतरताना तो आणि त्याचे पाच साथीदार मारले गेले. दरवर्षी त्या तारखेला काकाजी गावाच्या फाट्यावर सहाही जणांचा फ्लेक्स लावतात.

आधी माझ्याच खुर्चीत बसून ते बाकीच्या पाच घरांना फोन लावतात, स्पीकरवर, मोडक्या हिंदीत ओरडत: "फोटू वही रखना है ना?" मग स्क्रीनवर बोट टेकवून सुरू होतात. "बापू, हा जरासा उजवीकडं. हा जरासा खाली." तोवर बाकीची गिऱ्हाईकं दारात ताटकळतात.

यंदा मी वैतागून, त्यांना न विचारताच, त्यांच्या भावाचा फोटो मधोमध घेतला आणि चांगला मोठा केला. वाटलं, आता तरी खूश होतील.

"याले मधात काहून आणलं?"

"काकाजी, तुमचा भाऊ आहे न तो!"

"बोटीत बसले होते तसेच लावाचे, दरसाल सांगतो तुले. बोट चालवणारा वाचला, त्यानं सांगतलं मले. हा सर्वायच्या मागं होता. समोरचे पाचही पडले, तवा याले वापस फिरता येत होतं. नाही फिरला."

मी फोटो लहान केला आणि शेवटी नेला. ते चष्मा पुसून वाकले. बोट पुन्हा स्क्रीनवर टेकलं.

"जरासा आणखी मागं, बापू."