मागे राहिलेली पात

मी गेम डिझाइन शिकते, हे गावात सांगणं मोठं अवघड होतं. आमचं गाव नाचणगावच्या थोडं पुढे. शेजारच्या मावशींनी आईला सरळच विचारलं होतं, "एवढ्या लांब पाठवून पोरीले गोट्या खेळाले शिकवून राह्यले का वं?"

आई म्हणाली, "गोट्या तं तिले पयलेच येतात. दुसरं काई शिकवत असन."

माझा राग नाकावर असतो, त्यामुळे मी दोघींवरही चिडले. मी नेमकं काय शिकते हे आईलाही ठाऊक नव्हतं. पण लेकीची बाजू सोडायची नाही, एवढं तिचं पक्कं होतं.

आमचं कॉलेज फक्त कलेचं. शेजारच्या वर्गांत माती, लाकूड, रंग. आमच्याकडे पुठ्ठे, कात्र्या आणि फासे, कारण कोणताही खेळ आधी पुठ्ठ्यावर उभा राहिला पाहिजे, संगणक नंतर. आणखी एक नियम होता. आपला खेळ दुसरे खेळत असताना आपण तोंड उघडायचं नाही. बाजूला बसायचं आणि वहीत लिहायचं. माझ्यासारखीला ही शिक्षाच होती.

शेवटच्या वर्षी मी निंदणाचा, म्हणजे पिकातलं तण काढण्याचा, खेळ केला. निंदायला गेलं की प्रत्येक बाईला एकेक ओळ वाटून येते, तिला पात म्हणतात. माझ्या पुठ्ठ्यावर अशा चार पाती होत्या. फासा टाकायचा, गवत काढत पुढे सरकायचं, मध्ये काट्याची नाहीतर गांधीलमाशीची चिठ्ठी आली की एक डाव बसायचं. जी आधी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या कडेला पोचेल, ती जिंकली. सरांनी तो पाहिला आणि म्हणाले, "ही सापशिडीच आहे, फक्त शेतात नेलेली." वर्गातली मुलं खेळायची तेव्हा एक जण जिंकला की तो मोबाइल काढायचा आणि बाकीचे जांभया द्यायचे. शेवटच्या परीक्षेतही असंच झालं, तर वर्ष पुन्हा करावं लागणार होतं.

सुटीत पुठ्ठा बगलेत मारून मी पुलगाव स्टेशनला उतरले आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीवर आई, काकू आणि त्याच शेजारच्या मावशी अशा तिघींना बसवलं, नियम सांगितले आणि वही उघडली.

आईचा फासा चांगला पडत होता. ती सर्वांआधी धुऱ्यावर पोचली. मी लिहिलं, खेळ संपला. मान वर केली तर आईनं आपली सोंगटी उचलून मावशींच्या पातीच्या दुसऱ्या टोकाला ठेवली होती आणि ती तिकडून उलटी निंदत येत होती.

मला राहवलं नाही. "आई, तू जिंकली नं. खेळ सरला."

"सरला कसा? इची पात तं अर्धीच झाली."

काकूला काट्याची चिठ्ठी आली, तर आईनं आपला डाव तिला देऊन टाकला. मी पुन्हा नियम सांगितला. तिघींनी तो नीट ऐकून घेतला आणि पुन्हा तेच केलं. शेवटी मी पुठ्ठा ओढला आणि म्हणाले, "तुमाले खेळताच येत नाई." काकू हसत सुटली. आई म्हणाली, "आन इकडं. माही पात राह्यली." आता तिची पात म्हणजे मावशींची पात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी राग उतरल्यावर वही वाचली. तिघींपैकी एकही मध्ये उठली नव्हती. चहा तसाच गार झाला होता. आणि मला माझंच आठवलं. शाळेच्या सुट्यांत मी निंदायला जायची तेव्हा नेहमी मीच मागे असायची, आणि दरवेळी समोरून कुणीतरी माझ्या पातीवर निंदत यायचं. ते मी विसरले आणि शर्यत करून बसले. मला स्वतःची लाज वाटली.

मग नियम बदलला. पुठ्ठ्याच्या कडेला सूर्याची सोंगटी ठेवली, प्रत्येक फेरीला एक घर खाली उतरणारी. ती बुडायच्या आत शेवटची पात सरली पाहिजे, आणि जिची आधी सरेल तिला दुसरीच्या पातीवर जाता येईल. सरली तर सगळे जिंकले, नाहीतर सगळे हरले.

परीक्षेच्या दिवशी पालकांना बोलावलं होतं. आई एकटी रेल्वेनं आली. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम माझ्या दोन वर्गमैत्रिणींबरोबर खेळायला बसल्या आणि चौथी म्हणून त्यांनी आईलाच बोलावलं. मॅडम भराभर धुऱ्यावर पोचल्या आणि हाताची घडी घालून बसल्या. सूर्याची तीन घरं उरली होती आणि एका मैत्रिणीची पात निम्मी बाकी. मॅडम अशाच बसल्या असत्या तर खेळ बुडाला असता, आणि त्याबरोबर माझं वर्षही. मला बोलायची सोय नव्हती.

आई म्हणाली, "मॅडम, बसून काऊन राह्यल्या? थे पोरगी मांगं राह्यली नं."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, पुठ्ठ्याकडे पाहिलं आणि सोंगटी उचलली. सूर्य शेवटच्या घरात असताना पात सरली.

मग त्यांनी मला विचारलं, "जिचं काम संपलं तिनं परत का यावं? तिचा फायदा काय?" या प्रश्नाचं उत्तर मी जडजड शब्दांत पाठ करून ठेवलं होतं. मी घसा साफ करेपर्यंत आई बोलून मोकळी झाली.

"फायदा कायचा? घरी संगच जा लागते नं."

मॅडमनी ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. माझं वर्ष वाचलं, हे संध्याकाळी कळलं. पण त्याच्या कितीतरी आधी, कुणी काही विचारलं नसताना, ही माझी आई आहे, असं मी सगळ्या वर्गाला सांगून टाकलं होतं.