हातवालीची आठी

हातवाली हे काही तिचं खरं नाव नव्हे. आईबाप दोघंही जन्माचे बहिरे, त्यामुळे पोर तोंडाने बोलायच्या आधी हातांनी बोलायला लागली. दुकानात, बँकेत, दवाखान्यात त्यांचं तोंड तीच. पुढे त्यावरच तिचं पोट चालू लागलं. आता घरबसल्या लॅपटॉपसमोर बसून ती डॉक्टरांचं बोलणं बहिऱ्यांना खुणांनी सांगते, त्यांचं डॉक्टरांना.

त्या दिवशी रस्ता खोदणाऱ्यांनी इंटरनेटची केबल तोडली, आणि नेमकं त्याच दुपारी एका बहिऱ्या बाईचं सिझेरियन. पहिलं बाळ पोटातच गेलेलं, हे दुसरं. बाई जागी राहणार, पण भोवती सगळे मास्कवाले. कुणाचे ओठसुद्धा दिसायचे नाहीत. हातवालीने आधीच बजावलं होतं, "डॉक्टर, तिचा एक हात मोकळा ठेवा हं. हात बांधलात तर तोंड बांधल्यासारखं होईल."

हॉटस्पॉटची डबी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. घरात तिथेच काय ती रेंज. लॅपटॉपवर नुसतं चित्र, डॉक्टरांचा आवाज मोबाईलवरून कानात. डबी मेली एक नंबरची रुसूबाई! हिरवा दिवा मध्येच लाल झाला की लॅपटॉपवरचं चित्र अडकायचं.

"आता जरा दाब येईल," डॉक्टर म्हणाले. तिने खुणेने सांगितलं, बाईने मान हलवली. एवढ्यात दिवा लाल. हातवालीने डबीकडे बघून कपाळाला ही भलीमोठी आठी घातली, आणि चित्र तिथेच अडकलं.

"ताई, तुमचा आठी घातलेला चेहरा अडकलाय इथे!" कानात नर्स ओरडली. "बाळ काढलंय, पण पेशंट घाबरलीय, थरथर कापतेय. अशी हलली तर टाके कसे घालायचे?"

खुणांच्या भाषेत निम्मं बोलणं चेहऱ्यावर असतं. बाईने त्या आठीत काय वाचलं असेल, हे हातवालीला कुणी सांगायला नको होतं. तेवढ्यात कानात बाळाचा टाहो आला. मुलगी! पण बाळाला पुसायला कोपऱ्यात नेलेलं, आणि आईला काही ऐकू येत नाही.

"आई, मोबाईल बघताय का तुम्ही?" हातवाली बाहेरच्या खोलीतल्या सासूबाईंवर किंचाळली.

"अगं, आवाज पार बंद केलाय," सासूबाई बाहेरून म्हणाल्या. "तुला त्रास नको म्हणून मालिका मुकाट्याने बघतेय."

"आवाज नाही हो, मालिकाच बंद करा! डबीचं सगळं नेट तीच खातेय! हात जोडते तुमच्यापुढे!"

सासूबाईंनी घाबरून मोबाईलच बंद करून टाकला. दिवा हिरवा झाला. पडद्यावर बाईचा एकटा हात पुन्हा पुन्हा तेच विचारत होता, गेलं का? गेलं का?

हातवालीने भराभर खुणा केल्या. मुलगी. जिवंत आहे. रडतेय.

बाईला खरं वाटेना. कशी रडतेय? दाखव.

आपल्या पदरचं काही घालायचं नाही, हा हातवालीच्या धंद्याचा नियम. गेला खड्ड्यात! तिने डोळे घट्ट मिटले, आ वासला, मुठी झाडल्या, आणि खोटं रडता रडता तिला खरंच रडू फुटलं. बाई टेबलावर पडल्या पडल्या हसत होती.