आज माझ्या लाइव्हवर काकांचा आवाज ऐकू गेला

मंडळी, आज माझ्या गेमच्या लाइव्हवर तुम्ही जे ऐकलंत, त्याबद्दल सांगते.

चित्र अडकतं, आवाज फाटतो म्हणून तुम्ही कुरकुरत होतात. म्हणून वायफाय सोडून राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत केबल ओढली. चेहऱ्यावर उजेड पडायला लाइट घेतली, नवा माइक घेतला. शेजारच्या यंत्रमागांना सुट्टी, म्हणून आजचाच दिवस धरला. घरघर नको म्हणून पंखाही बंद केला. आता सोलापूरच्या उन्हात पंख्याशिवाय कोण बसणार? दार उघडं ठेवलं. तिथंच चुकलं.

बाहेरच्या खोलीत काका माझ्यासाठी स्थळ घेऊन आले होते. इकडं गेम ऐन रंगात, आणि माइकमधून काका:

"पोरगी सावळी हाय, फोटो बघूनच नको म्हणत्याल. त्या गेमच्या लाइटीत बसवून फोटो काढा की. त्यात गोरी दिसती."

आणि माझे बाबा म्हणाले, "व्हय, ते बरं पडंल."

चॅटवर कुणीतरी लिहिलं, "ताई, आज आवाज एकदम स्वच्छ येतोय."

बाहेर जाऊन सांगितलं, हे सगळ्यांनी ऐकलंय. काका उखडलेच, "आधी ते डिलीट कर! घरची अब्रू घालवलीस."

बोलल्याची लाज नाही, बाहेर ऐकू गेल्याची आहे. शी!

बाबा मान खाली घालून म्हणाले, "कर बाई डिलीट."

करते. पण मी जे ऐकलं, ते कुठून डिलीट करू, सांगा?