दाजींचा हीट पंप

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी पैठण गेटजवळच्या एका दुकानात चप्पल घालून बघत होतो. फोन पुण्याहून, भाचीचा. "मामा, बाबा गेले... झोपेतच गेले." मी "बरं" म्हणालो. खरंच, "बरं" म्हणालो. मग ती नवी चप्पल तशीच पायात घालून रिक्षा केली आणि पुंडलिकनगरला ताईकडे गेलो. त्या दिवशी मला दुःख झालं का, हे आज विचाराल तर सांगता येणार नाही. टाच मात्र सोलली, तेवढं आठवतं. आता दोन महिने होत आले. या काळात मी रजेचे अर्ज लिहिले, दाखले काढले, तेराव्याला पंगतीत वाढलं. आणि प्रत्येक वेळी वाटत राहिलं, की हे दुसऱ्याच कुणाच्या घरचं काम आपण करतोय.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बिडकीनचे, शेतकऱ्याच्या घरातले. आयुष्य काढलं ते वाळूजच्या एका कंपनीत, मेंटेनन्सला. मी शाळामास्तर, खिळा ठोकायचा तर अंगठा आधी ठोकणारा. त्यामुळे माझी थट्टा हा त्यांचा हक्काचा विरंगुळा होता. घरातलं काही बंद पडलं की मी पाना शोधायला धावायचो आणि ते प्लास्टिकचं स्टूल ओढून त्या वस्तूसमोर निवांत बसायचे. "मास्तर, आधी बघायचं. मग ऐकायचं. मग हात लावायचा. पाना लई शेवटी." एकदा आमचा मिक्सर बंद पडला म्हणून मी त्यांना भर दुपारी बोलावून घेतलं. ते आले, बसले, पाणी प्याले आणि प्लग घट्ट केला. मी म्हणालो, "मला वाटलं, लाईट आहेच." त्यावर म्हणाले, "धरून चालायचं नाय मास्तर. बघायचं." हे त्यांनी पुढे दहा वर्षं, प्रत्येक लग्नात, चारचौघांत सांगितलं.

रिटायर झाल्यावर ताईच्या संधिवातासाठी त्यांनी गच्चीवर पाणी तापवायचा हीट पंप बसवून घेतला. आमच्या गावात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही आणि हे निघाले ते तापवायला, असं मी चिडवलं. पण दाजी फुशारले होते. जो येईल त्याला गच्चीवर न्यायचे. "फ्रिज आतली गरमी बाहेर टाकतो का नाय? ह्यो बाहेरची गरमी वढून पाण्यात घालतो. संभाजीनगरात गरमीला काय तोटा!" त्या यंत्राच्या पंख्यातून गार हवा बाहेर पडते. टायमर पहाटे पाचचा होता. पाचला वर घुर्र झालं की दाजी उठायचे, गच्चीवर जायचे आणि त्या गार हवेसमोर स्टूल टाकून बसायचे. उन्हाळ्यात ठीक आहे, हा माणूस डिसेंबरातही शाल गुंडाळून बसायचा. ताई खालून हाक मारायची, "चहा झाला, या आता..." मग ते यायचे. रोज. त्यात खाडा नाही.

तेराव्यानंतर आठवड्याभराने भाचीचा पुन्हा फोन आला. आईचा हीट पंप बंद पडलाय, ती थंड पाण्यानं अंघोळ करते आणि मेकॅनिकला जिना चढू देत नाही. थंडी पडली होती, ताईची बोटं सुजलेली. आणि भाची तिला कायमची पुण्याला घेऊन जायच्या गोष्टी बोलत होती. "मामा, साधं पाणी तापवायचीसुद्धा सोय नाही तिथं. एकटी कशी राहणार ती?"

रविवारी सकाळी मी गेलो. ताई भाकरीचं पीठ मळत होती. "राहू दे रे नंदू, कशाला उगी," एवढंच म्हणाली. मी वर गेलो. स्टूल होतं, त्यावर बसलो. आधी बघितलं. गच्चीवरचा दिवा लावून पाहिला, लागला. म्हणजे लाईट आहे. टाकी भरलेली. जाळीत धूळ बसली होती, ती जुन्या ब्रशने काढली. कान लावला, काही नाही. हात लावला, पत्रा थंडगार. पुन्हा पुन्हा तेच केलं. शेवटी लक्षात आलं, दिव्याची लाईन वेगळी, पंपाची वेगळी. पुन्हा धरून चाललो होतो! ऐकायला दाजी नव्हते म्हणून बरं, असं वाटलं, आणि मग ते वाटणंही तिथंच थांबलं.

जिन्यातली विजेच्या खटक्यांची पेटी उघडली. पंपाचा खटका खाली होता. लोड येऊन आपोआप ट्रिप झालेला खटका मधेच लोंबतो, हे मला एवढ्या वर्षांत दाजींनी शिकवलं होतं. हा पूर्ण खाली होता. कुणीतरी हाताने पाडलेला. पाहुण्यांच्या गर्दीत पडला असेल, म्हणून मी तो वर केला आणि गच्चीवर जाऊन बटण दाबलं. थोडा वेळ काहीच नाही. मग पंखा फिरला आणि घुर्र झालं.

ताई जिना चढून आली. गुडघे धरून चढणारी बाई, एका दमात आली. दोन्ही हात पिठाचे. आधी तिने स्टुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तू व्हय..." म्हणाली आणि पायरीवर बसली.

"तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं, ह्याचा आवाज कानावरच आला नाय. दुसऱ्या दिवशी पहाटं ह्यो सुरू झाला. मी उठले. चहा टाकला, दोन कप काढले. जिन्यात येऊन हाक बी मारली, या आता म्हणून..." ती हाताचं पीठ सोलत राहिली. "बिघाड काय नाय त्यात. मीच पाडला खटका. पोरीला कसं सांगू? म्हणंल, आईचं डोकं फिरलं."

मी खाली जाऊन खटका पाडला. घरघर थांबली. माझ्या डोळ्यांना पाणी आलं ते तेव्हा, पेटीचं झाकण लावताना. दाजी गेले, हे मला त्या जिन्यात कळलं.

मग ताईच्या समोरच भाचीला फोन लावला. "मोठा बिघाड आहे," म्हणालो. "पार्ट मागवावा लागेल, वेळ लागेल. तोवर मी येत जाईन दर रविवारी. आईला आत्ताच हलवू नकोस, दुरुस्तीच्या वेळी घरात कुणीतरी लागतं." आयुष्यात इतकं सराईत खोटं मी बोललो नव्हतो. ताईने मान खाली घालून ऐकलं. मग उठून गॅसवर अंघोळीचं पाणी ठेवलं, स्वतःसाठी.

तेव्हापासून ताई शनिवारी फोन करते. "उद्या येतोस ना दुरुस्तीला?" मी जातो, भाकरी खातो, आम्ही दोघं थोडा वेळ गच्चीवर बसतो. गेल्या रविवारी उतरताना ती पेटीपाशी थांबली. झाकण उघडून तिने खटक्यावर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं.

"पुढच्या रविवारी बघू," ती म्हणाली.